फॉरेस्ट व्ह्यूचा ताळेबंद

ठाण्यात घोडबंदर रोडला आमच्या बिल्डिंगमधले मागच्या बाजूचे फ्लॅट पुढच्यांपेक्षा महाग गेले. कारण काय, तर 'फॉरेस्ट व्ह्यू'. डोंगर येऊरचा, जंगल सरकारचं, पैसे बिल्डरचे. आम्हीही ते मोजून दिले, तेव्हा त्यावर बोलायला मला तोंड नाही.

गेल्या महिन्यात रात्री सव्वादोनला त्या व्ह्यूमधून एक जण, म्हणजे बिबट्या, खाली उतरला. सीसीटीव्हीत जेमतेम चाळीस सेकंद दिसतो. नाल्याकडच्या भिंतीवरून उतरला, वॉचमनच्या केबिनमागे कुत्र्यांसाठी निळा टब ठेवलाय त्यातलं पाणी प्यायला, मध्येच मान वर करून दिव्याकडे बघत थांबला, परत प्यायला आणि आल्या वाटेने गेला. मला तर तो बिचकलेला वाटला. सकाळी सातच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर ऐंशी मेसेज. त्यात एकाने लिहिलं, "देशात एवढं जंगल पडलंय, यांना इथेच यायचं असतं का?"

मी अडकले ती 'एवढं'वर. पंचवीस वर्षं लोकांचे ताळेबंद तपासतेय. कोणी 'एवढं' म्हटलं की 'किती?' हे तोंडातून आपोआप येतं.

तर बघा. २०२३ च्या वन अहवालात देशाचं वन आणि वृक्ष आच्छादन २५.१७ टक्के दिलंय. म्हणजे पाव देश हिरवा. छान वाटतं ऐकायला. पण ताळेबंद वाचताना आकड्याआधी खालच्या बारीक टिपा वाचायच्या असतात, आणि इथली टीप अशी की एक हेक्टरपेक्षा मोठ्या जमिनीवर दहा टक्के झाडांची सावली असली की ते वनाच्छादन. मालक कोण, झाडं कसली, हे विचारायचं नाही. मग त्यात रबराचे मळे आले, नारळाच्या वाड्या आल्या, आमच्या मामाची देवगडची कलमंही आली. हापूसबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण तिथे सांबर राहत नाही. ज्याला डोळे मिटून घनदाट म्हणावं असं जंगल देशाच्या तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

आता कायद्याने राखलेलं किती? १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालची राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं, बाकीची राखीव क्षेत्रं, सगळं धरून पाच टक्क्यांहून थोडं जास्त. त्यात नुसती राष्ट्रीय उद्यानं घेतली तर दीड टक्काही भरत नाही. झालं तुमचं 'एवढं'.

बरं, या पाच टक्क्यांतही सगळं एका भावाचं नाही. आपल्याच राज्यातलं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य घ्या. १९७९ साली सोलापूर-नगर भागात ते जाहीर झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, उसाचे फड, हमरस्ते, सगळंच आलं. लोक वैतागले, आणि त्यांचं काही चुकलं नाही. पुढे ते कमी करून १,२२२ वर आणलं. सात हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य एकही झाड न तोडता गेलं. आणि माळढोक? सोलापूरजवळच्या नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. मालमत्ता फुगवून दाखवायची आणि नंतर निर्लेखित करायची, म्हणजे वहीतून उडवायची, हे मी कंपन्यांमध्ये पुष्कळ पाहिलंय. पक्ष्यांच्या बाबतीतही होतं हे तेव्हा कळलं.

२०२२ मध्ये मॉन्ट्रियलच्या जैवविविधता परिषदेत जगाने मिळून ठरवलं की २०३० पर्यंत पृथ्वीचा ३० टक्के भाग राखायचा. त्यात आपणही आहोत. अशिलाने असं प्रोजेक्शन आणलं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवते.

पण मला खरी चूक वेगळीच दिसते. आपण तुकडे मोजतो. संजय गांधी उद्यान, ज्यात आमचं येऊर येतं, सुमारे १०४ चौरस किलोमीटर, वसईच्या खाडीपलीकडे तुंगारेश्वर अभयारण्य ८५. दोन नोंदी, दोन्ही बरोबर. पण मध्ये काय आहे? आपला घोडबंदर रोड, टँकरची रांग, मेट्रोचे खांब, मग खाडी. या मधल्या जागेला कुठल्याच रकान्यात जागा नाही.

आजोबा आठवतोय का? २००९ मध्ये रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडलेला बिबट्या. तो सुमारे १२० किलोमीटर चालत, वसईची खाडी पोहून, आपल्या नॅशनल पार्कात आला. वाटेत त्याने कोणाला ओरखडाही काढला नाही. त्या वाटेचा बराचसा भाग 'राखीव' नव्हता. शेतं, गावं, रेल्वेचे रूळ, हायवे. २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद हायवेवर गाडीच्या धडकेने मेला. जिथे आपण काही राखलं नव्हतं तिथेच.

खाडीतही तेच. २०१५ मध्ये ठाणे खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, सुमारे १७ चौरस किलोमीटर, २०२२ मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेलं. पण भरती आली की तिथला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी उडून नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या तळ्यांवर येऊन बसतात. ती तळी अभयारण्याच्या रेषेबाहेर. भरती-ओहोटीला रेषा दाखवून काय उपयोग?

(ठाणे-बोरिवली बोगद्याबद्दल विचाराल म्हणून आधीच सांगते. तो पार्काच्या पोटातून जातोय आणि मला तो हवाय. आठवड्यातून तीनदा बोरिवलीला जाऊन माझी कंबर गेलीये. मी काही संत नाही.)

ग्रुपवर दुसरी मागणी होती, पकडून लांब सोडा. हा प्रयोग जुन्नर भागात करून झालाय. पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. ती लिंक मी ग्रुपवर टाकली. तीन जणांनी अंगठा दाखवला, त्यातला एक माझा नवरा.

आमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी येऊरच्या पाड्यावरच्या. वाघबारशीला त्यांच्याकडे वाघोबाला नारळ फुटतो. बिबट्याला त्या वाघच म्हणतात. मोबाइलवर क्लिप दाखवली तर भांडी घासायचा हात न थांबवता बघितली.

"कुत्रं नेलं का?"

"नाही. नुसतं पाणी प्यायला."

"मंग ल्हान असंल. आईपासून नवाच सुटलाय. ताई, भांड्याचा साबण संपलाय."

परवा रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. नाल्याच्या बाजूचा कचरा रोज उचलू आणि रात्री तिकडचे दोन हॅलोजन बंद ठेवू, असं मी सुचवलं. कचऱ्याचं मान्य झालं. हॅलोजनवर एक आजोबा (चौथ्या मजल्यावरचे, कॉलर नसलेले) असे काही उखडले की विषयच बदलला. शेवटी नाल्याकडची भिंत बारा फुटांपर्यंत वाढवून वर काटेरी तार लावायची, असं बहुमताने ठरलं. कोटेशनही आलंय, चार लाख साठ हजार.

सोसायटीची खजिनदार मी आहे. चेकबुक माझ्या कपाटात आहे आणि अजून मी सही केलेली नाही.