शेजाऱ्याचं बिल दाखवा, पण जरा जपून

शेजाऱ्यांचा वीजवापर दाखवून लोकांच्या सवयी बदलण्याबद्दलचा लेख आवडला. खाडीच्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्या पर्यावरण संशोधक ताई वीज वापरण्याच्या सवयींकडे का वळल्या, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलंय. आकडे हाती होते, लोकांचं वागणं मात्र तसूभर बदलत नव्हतं.

पण कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोसचा प्रयोग लेखात अर्धाच आलाय. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घरोघरी परिसरातला सरासरी वीजवापर कळवला. जास्त वापरणारे खाली आले, हे लेखात आहे. कमी वापरणारे मात्र निर्धास्त होऊन वर गेले, ते राहिलं! त्यांच्या चिठ्ठीवर नुसता हसरा चेहरा काढला, तर ती वाढ थांबली.

आमच्या गुहागरकडे सरासरी धरणार तरी कुठल्या महिन्याची? गणपतीत चाकरमानी आले की माजघरात पथाऱ्या, पंखे रात्रभर, टाकीसाठी पंप सारखा चालू. विसर्जन झालं की निम्म्या घरांना कुलूप.

आणि होमस्टेचं काय? २०२० पासून नवे एसी २४ अंशांवर सुरू होतात, पण पाहुणा खोलीत शिरला की आधी रिमोट घेऊन १८ करतो. बिल त्याला थोडंच येणार आहे! 'कृपया वीज वाचवा' ही पाटी कोण वाचतो? त्यापेक्षा ७५ वॅटचे जुने पंखे काढून तीसेक वॅटचे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे पंखे लावलेले बरे, तिथे कुणाला समजवावं लागत नाही. ज्याला बिलच येत नाही, त्याची सवय कशी बदलायची, यावर ताईंनी पुढच्या लेखात लिहावं.