‘नोटेशन बघितलं की कान मरतो’ म्हणे!

सध्या एक मेसेज फिरतोय, की आयरिश फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्याच) पारंपरिक धुना मुलांना शीट म्युझिकवरून, म्हणजे कागदावर लिहिलेल्या नोटेशनवरून, अजिबात शिकवू नका. का, तर जुने वादक कागदाला शिवत नव्हते, नोटेशन बघितलं की कान कायमचा मरतो, छापलेली धून खोटी असते आणि आपल्या गुरु-शिष्य परंपरेतही नोटेशन नव्हतं. डब्लिनच्या माझ्या ताईने हे वाचून लेकीची नोटेशनची फाईल कपाटात टाकली, पोरगी रडकुंडीला आलीये, म्हणून लिहितेय.

कागदाला शिवत नव्हते? आयर्लंडमधल्या केरी आणि कॉर्क परगण्यांच्या सीमेवरच्या स्लीव्ह लूखरा भागातले पाड्रिग ओ’कीफ (१८८७–१९६३) आधी शाळामास्तर होते, ती नोकरी गेल्यावर गावोगाव फिरून फिडल शिकवायचे, आणि शिकवायचे ते चक्क कागदावर लिहून! त्यांनी स्वतःची सोपी पद्धत काढली होती, नोटेशनच्या पाच आडव्या ओळींमधल्या चार जागा म्हणजे फिडलच्या चार तारा, आणि त्यात कुठलं बोट ठेवायचं त्याचा आकडा, मोकळ्या तारेला शून्य. त्यांनी लिहून दिलेले असे कितीतरी कागद शिष्यांच्या घरी जपलेले सापडलेत. आणि शिष्य कोण, तर डेनिस मर्फी आणि त्यांची बहीण जूलिया क्लिफर्ड, ज्यांची रेकॉर्डिंग्ज त्या भागाची शैली शिकायला लोक आजही घोटून घोटून ऐकतात. कागदाने कान मरत असता तर ही दोघं झालीच नसती. मास्तरांचं वाजवणं कानात होतं, कागद आठवायला होता, इतकं साधं आहे ते.

छापलेली धून अपुरी असते, हे मात्र मान्य करावं लागेल. रील (नाचाची एक जलद धून) कागदावर एकसारख्या सरळ स्वरांत दिसते, वाजवताना ती झुलते, ते झुलणं लिहिता येत नाही. पाच स्वरांचा रोल (एक स्वर सजवायची झटपट हरकत) बऱ्याचदा एका छोट्या कमानीच्या खुणेत उरकलेला असतो. नुसत्या कागदावरून शिकलेला माणूस दोन ओळींत ओळखू येतो, खरंय. पण अपुरी म्हणजे खोटी कशी? शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ’नील यांनी १९०३ मध्ये १,८५० धुना छापल्या, त्यांना स्वतःला नोटेशन लिहिता येत नव्हतं तर जेम्स ओ’नील या सहकाऱ्याकडून लिहून घेतल्या, आणि त्यातल्या कितीतरी आजही वाजतात.

आपल्या परंपरेचं म्हणाल तर संगीतशास्त्रज्ञ भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकांत शेकडो बंदिशी नोटेशनसकट आहेत, ती एकदा उघडून बघा आणि मग बोला.

मुलांना धून आधी भरपूर ऐकू द्या, गुणगुणू द्या, मग अडेल तिथे कागद बघू द्या. एक भाग पाठ झाला की कागद बाजूला, आणि त्याच धुनेची दोन वेगळ्या वादकांची रेकॉर्डिंग्ज लावा.