तिथे ५०, आपल्याकडे ४५

मी राहतो क्रानेनबुर्ग या जर्मन गावात आणि नोकरीला रोज जातो सीमेपलीकडे, नेदरलँड्समधल्या नाइमेखेनला. सीमा म्हणजे रस्त्याकडेची एक निळी पाटी. दोन्हीकडे मका, गवत, गायी आणि फेब्रुवारी उजाडला की शेतात सोडलेल्या शेणमुताचा तोच वास.

निफाडकडचा आमचा घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र महिनाभर पेटलेला आहे. नाशिकच्या अंबडला, कारखान्यांच्या भागात राहणाऱ्या मावशीच्या बोअरला फेसाळ पाणी आलं. तिने तक्रार केली. नमुना न्यायला माणूस आला तो तीन आठवड्यांनी, मध्ये दोन मोठे पाऊस होऊन गेल्यावर. अहवाल आला, सगळं मर्यादेत. त्यावर चुलतभावाचा निकाल : "आपल्याकडे कायदाच नाही. युरोपसारखा कडक कायदा पाहिजे. दादा, तूच सांग यांना."

सांगतो, पण त्याला ते आवडेलच असं नाही.

कायदा आहे, आणि तो १९७४ चा आहे. जलप्रदूषणाच्या त्या कायद्यात 'प्रवाह' या शब्दात जमिनीखालचं पाणीही धरलंय. विहिरीत किंवा जमिनीवर घाण सोडायला त्यानेच बंदी आहे. राज्याचा भूजल कायदा २००९ चा, लागू झाला २०१४ ला. खतांतून आणि शेणमुतातून पाण्यात झिरपणाऱ्या नायट्रेटची आपली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, युरोपची ५०. कागदावर आपणच जास्त सोवळे!

फरक असा की आपले ४५ हे पिण्याच्या पाण्याचं मानक आहे. तिथले ५० जमिनीखालच्या पाण्यालाही लागू आहेत, मग ते कोणी पिओ न पिओ. जर्मनीत तर १९८१ साली घटना न्यायालयाने सांगून टाकलं की जमीन तुमची असली तरी खालचं पाणी तुमच्या मालकीत येत नाही. आपल्याकडे १८८२ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यापासून "माझं शिवार, माझी बोअर" हे पक्कं बसलंय.

म्हणून युरोप शहाणा असं समजू नका. युरोपीय संघाचा नायट्रेटचा निर्देश, म्हणजे सगळ्या सदस्य देशांना बांधणारा नियम, १९९१ चा; जर्मनी आणि नेदरलँड्स दोघांना सारखाच. हेक्टरी १७० किलो नायट्रोजन, एवढंच जनावरांचं खत टाकायचं. पण डच गोपालकांनी सवलत मिळवली आणि गवताच्या रानात २३० ते २५० किलोपर्यंत टाकत राहिले. एवढं करून जास्तीचं खत टँकरने जर्मनीत पाठवायचं ते वेगळंच. आणि शिस्तीचं कौतुक ज्यांचं आपण करतो ते जर्मन? युरोपीय आयोगाने त्यांना कोर्टात खेचलं आणि २०१८ मध्ये ते हरले. पुढे दिवसाला लाखो युरोंच्या दंडाची टांगती तलवार आली, तेव्हा कुठे २०२० मध्ये खताचे नियम आवळले. जिथल्या विहिरींत नायट्रेट जास्त, तो 'लाल पट्टा'. तिथे गरजेपेक्षा २० टक्के खत कमी टाकायचं, असा नियम आला. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन बर्लिनवर गेले. मोजणीची विहीरच चुकीच्या जागी खोदलीय, हे भांडण तर मी आमच्या बेकरीच्या रांगेतही ऐकलंय.

मला हेवा वाटतो तो या भांडणाचा. वाद विहिरीच्या जागेवर आहे, म्हणजे विहीर आहे, आकडा आहे आणि आकडा चढला की पिंजऱ्यात उभं राहतं ते सरकार. मावशीच्या बाबतीत शाबीत करायचं ओझं मावशीवर. मोजमाप आपल्याकडे होत नाही असंही नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या तिनातल्या एकाहून जास्त नमुन्यांत नायट्रेट ४५ च्या वर निघालं. त्यासाठी कोणाला कुठे उभं राहावं लागलं?

निफाडकडच्या आमच्या आप्पांच्या द्राक्षबागेचा माल रॉटरडॅमला निघाला की प्लॉटची नोंदणी, फवारणीची वही, मालात औषधाचा अंश किती उरला याचा लॅबचा रिपोर्ट, सगळं चोख. तिथल्या गिऱ्हाइकाच्या पोटात काय जाईल याची काळजी आपण घेतो, कारण कंटेनर परत येऊ शकतो. त्याच प्लॉटमधल्या विहिरीचं पाणी अख्खी वस्ती पिते. ते आजवर कोणी बाटलीत भरून लॅबला नेलेलं नाही, आप्पांनीही नाही आणि मीही नाही.

मागच्या डिसेंबरात मत्स्यालयाच्या दुकानातल्या नायट्रेटच्या पट्ट्या घेऊन गेलो. अशा पट्टीवर फार विसंबू नये, तरी विहिरीत बुडवली. गुलाबी रंग ५० च्या खुणेच्या पुढे गेला. आप्पा थोडा वेळ पट्टीकडे बघत राहिले. म्हणाले, "बरं. आता हे दाखवायचं कोणाला?"

मी ग्रामपंचायत म्हणालो, मग जिल्हा परिषद म्हणालो, मग भूजलवाल्यांचं ऑफिस. आप्पांनी ड्रीपचा कॉक फिरवला आणि युरियाची गोणी उचलायला मला हाक मारली.