'धाडसी नेता आणा, मतदार परत येतील' हा दावा का टिकत नाही

एखादा मोठा पक्ष निवडणूक हरला की चार-आठ दिवसांत एक मजकूर फिरायला लागतो. पक्षाचं नाव बदलतं, कधी देशही बदलतो, आशय मात्र तोच राहतो. "पक्ष हरला कारण नेतृत्व बोटचेपं होतं. आजवर ज्यांनी बुडते पक्ष वर काढले ते सगळे धाडसी नेते होते. मधला मार्ग म्हणजे शरणागती. नेता बदला, बाकीचं आपोआप होईल. आता चेहरा चालतो; बूथ, मतदार यादी या जुन्या गोष्टी झाल्या." हे पुढे पाठवणारे बहुतेक जण त्या हरलेल्या पक्षावर जीव असलेले असतात आणि त्यांची तळमळ खरी असते. म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. हा सल्ला मनावर घेणारा पक्ष पुढची पाच वर्षं भलत्याच कामात घालवतो.

पहिलं वाक्य: मतदार गेले कारण नेता बोटचेपा होता.

पश्चिम बंगाल आठवा. २००६ साली बुद्धदेव भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखाली डाव्या आघाडीने विधानसभेच्या २९४ पैकी २३५ जागा जिंकल्या. ही आघाडी १९७७ पासून सलग सत्तेत होती. भट्टाचार्यांना भित्रा नेता कोणीच म्हणणार नाही. कम्युनिस्ट पक्षाचा मुख्यमंत्री असून त्यांनी खासगी उद्योगांना उघडपणे बोलावलं, सिंगूरला टाटांच्या नॅनो कारखान्यासाठी सुमारे हजार एकर जमीन घेतली आणि मित्रपक्षांची नाराजी अंगावर घेतली. वरच्या मजकुराला हवा असलेला नेता तो हाच. पण जमीन कसणाऱ्यांपैकी अनेकांना ती द्यायची नव्हती. १४ मार्च २००७ रोजी नंदीग्रामला पोलिसांच्या गोळीबारात १४ माणसं मेली. २००८ मध्ये टाटांनी सिंगूर सोडलं. २०११ च्या निवडणुकीत आघाडी ६२ जागांवर आली, मुख्यमंत्री स्वतः जादवपूरमधून पडले, आणि २०२१ मध्ये तर आघाडीचा एकही आमदार निवडून आला नाही.

इथे थोडं थांबायला हवं. १९७८ नंतर 'ऑपरेशन बर्गा' राबवून लाखो बटाईदारांची, म्हणजे दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्यांची, नावं सरकारी दप्तरी लावणारा पक्ष हाच. गावागावात त्याच्या समित्या होत्या. त्या पक्षाला जमीन जाताना शेतकऱ्याच्या पोटात काय कालवतं हे कळू नये? माझ्या मते खालच्या माणसांना ते कळलं होतं, पण वर सांगायची वाटच उरली नव्हती. तीन दशकांच्या सत्तेत गावातली समिती वरचा निर्णय खाली पोचवायचं काम करत राहिली आणि उलट दिशेचं काम बंद पडलं. अशा पक्षात नेता जितका धाडसी, तितकी चूक मोठी होत जाते, कारण "साहेब, हे लोकांना पटत नाहीये" असं म्हणणारा कोणी उरलेला नसतो. भट्टाचार्यांचा हेतू मला वाईट वाटत नाही. राज्यात कारखाने यावेत, तरुणांना काम मिळावं, ही इच्छा रास्तच होती. कमी पडलं ते ऐकणं.

दुसरं वाक्य: बुडते पक्ष धाडसी नेत्यांनीच वर काढले. पुरावा म्हणून मार्गारेट थॅचर, टोनी ब्लेअर आणि इंदिरा गांधी ही तीन नावं हमखास येतात.

थॅचरबाई १९७९ साली जिंकल्या तेव्हा ब्रिटनमध्ये संपांचा हिवाळा नुकताच सरला होता आणि लोक मजूर पक्षाच्या सरकारला विटले होते. त्यांचा त्या वर्षीचा जाहीरनामा त्यांनी पुढे केलेल्या कामांच्या मानाने बराच सावध होता. ब्रिटिश टेलिकॉम आणि ब्रिटिश गॅस विकण्याची भाषा त्यात नव्हती. ते १९८४ आणि १९८६ साली, सत्तेत बसल्यावर झालं. आधी विजय आणि मग धाडस, हा क्रम पुढे पाठवलेल्या मजकुरात उलटा होतो.

ब्लेअर यांची गोष्ट याहून बोलकी आहे, फक्त ती १९९४ पासून सांगतात आणि तिथेच घोटाळा होतो. ती १९८३ पासून सांगावी लागते. त्या वर्षी मजूर पक्षाने मायकेल फूट यांच्या नेतृत्वाखाली अतिशय धाडसी जाहीरनामा काढला: एकतर्फी अण्वस्त्रत्याग, युरोपीय आर्थिक समुदायातून बाहेर पडणं, उद्योगांचं राष्ट्रीयीकरण. मतं मिळाली २७.६ टक्के, जागा २०९. जेराल्ड कॉफमन या त्यांच्याच खासदाराने त्या जाहीरनाम्याला 'इतिहासातली सर्वांत लांब आत्महत्येची चिठ्ठी' म्हटलं होतं. त्यानंतर नील किनॉक आले. त्यांनी नऊ वर्षं पक्षाची आतून डागडुजी केली, १९८५ च्या बोर्नमथ अधिवेशनात स्वतःच्याच पक्षातल्या 'मिलिटंट' या कडव्या डाव्या गटाला सुनावलं, न पेलणारी धोरणं एकेक करून खाली ठेवली. तरी ते १९८७ आणि १९९२ अशा दोन्ही निवडणुका हरले. मग १६ सप्टेंबर १९९२ रोजी पौंड युरोपच्या विनिमय दर यंत्रणेतून, म्हणजे चलनांचे दर ठरावीक मर्यादेत बांधून ठेवणाऱ्या व्यवस्थेतून, बाहेर फेकला गेला आणि 'अर्थकारण आम्हालाच जमतं' हा हुजूर पक्षाचा दावा एका दिवसात कोसळला. त्यानंतरच्या महिन्यांत मजूर पक्ष जनमत चाचण्यांत पुढे गेला तो जॉन स्मिथ यांच्या काळात. स्मिथ शांत, वकिली वळणाचे गृहस्थ होते. मे १९९४ मध्ये त्यांचं अकाली निधन झालं आणि ब्लेअर आले.

ब्लेअर यांनी १९९५ साली पक्षघटनेतलं राष्ट्रीयीकरणाचं चौथं कलम बदललं. हे धाडस होतं, यात वाद नाही. १९९७ ला ४१८ जागा आल्या त्यात त्यांच्या वक्तृत्वाचा आणि तरतरीतपणाचा वाटाही होताच. पण पाया चौदा वर्षांचा होता, त्यातली बरीचशी मेहनत जो माणूस कधी पंतप्रधान झाला नाही त्याची होती आणि एक मोठा हातभार विरोधकांच्या चुकीचा होता. यातला शेवटचा माणूस तेवढा उचलून बाकी सगळं गाळलं तर तो इतिहास उरत नाही.

इंदिरा गांधींकडे शेवटी येतो.

तिसरं वाक्य: मधला मार्ग म्हणजे शरणागती. हे लवकर आटोपतं. १९९६ साली भारतीय जनता पक्ष १६१ जागा घेऊन लोकसभेत सर्वांत मोठा पक्ष ठरला, पण मोजके मित्रपक्ष सोडले तर सोबत यायला कोणी तयार नव्हतं. वाजपेयींचं सरकार तेरा दिवसांत पडलं. १९९८ साली पक्षाने राममंदिर, कलम ३७० आणि समान नागरी कायदा हे आपले तीन सर्वांत आग्रही मुद्दे आघाडीच्या कार्यक्रमातून बाजूला ठेवले आणि मित्रपक्ष जोडले. तेव्हा सरकार बनलं. त्या पक्षाचं राजकारण कोणाला आवडो न आवडो, सत्तेचं दार उघडलं ते त्या मुद्द्यांवर दमाने घेतल्यामुळे. कॅनडात २०२५ च्या सुरुवातीला पियेर पॉलिएव्ह यांचा आक्रमक हुजूर पक्ष चाचण्यांत दोन आकडी आघाडीवर होता. लिबरल पक्षाचे पंतप्रधान ट्रुडो पायउतार झाले, ट्रम्प यांनी आयातशुल्काची आणि कॅनडाला अमेरिकेचं राज्य करण्याची भाषा सुरू केली, आणि लिबरल पक्षाने मार्क कार्नी या माजी मध्यवर्ती बँकरला पुढे केलं. आवाज चढवून बोलणं हा त्यांचा पिंड नव्हे. पदावर येताच त्यांनी ग्राहकांवरचा कार्बन कर काढून टाकला, म्हणजे ज्या गोष्टीवर लोक चिडले होते तिथे माघार घेतली. एप्रिलमध्ये लिबरल पक्ष सत्तेत राहिला आणि पॉलिएव्ह स्वतःच्या मतदारसंघात हरले. घाबरलेल्या मतदाराला त्या वेळी स्थिर हात हवा होता.

चौथं वाक्य, नेता बदला म्हणजे झालं, मला सर्वांत घातक वाटतं. पराभवाचं सगळं ओझं एका माणसाच्या डोक्यावर टाकून बाकीचा पक्ष त्यात मोकळा होतो.

पुन्हा कॅनडाच. १९८८ साली १६९ जागा जिंकलेल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने १९९३ च्या जूनमध्ये नेता बदलला. किम कॅम्पबेल त्या देशाच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. चेहरा नवा होता, त्याबद्दल कौतुकही खूप झालं. ऑक्टोबरच्या निवडणुकीत पक्षाला दोन जागा मिळाल्या. पश्चिमेकडचे मतदार रिफॉर्म पक्षाकडे गेले होते, फ्रेंचभाषक क्वेबेकमधले तिथल्या प्रादेशिक ब्लॉक क्वेबेकवा पक्षाकडे, आणि त्या दोघांच्या तक्रारी एकमेकींच्या विरुद्ध होत्या. दोघांनाही परत आणेल असं कोणतं भाषण लिहिता आलं असतं?

आता उलट बाजू, म्हणजे नेता तोच असताना निकाल बदलल्याची. १९९९ साली सोनिया गांधींच्या नेतृत्वाखाली काँग्रेसला ११४ जागा मिळाल्या, २००४ साली त्यांच्याच नेतृत्वाखाली १४५. दरम्यान पक्षाची मतांची टक्केवारी २८.३ वरून २६.५ वर उतरली होती! मतं घटली आणि जागा वाढल्या, कारण १९९८ च्या पचमढी शिबिरातला स्वबळाचा आग्रह २००३ च्या सिमला शिबिरात सोडून पक्ष आघाड्या करायला लागला होता. तामिळनाडूत द्रमुक सोबत आल्याने काय फरक पडला ते निकालात दिसतं. खरं तर स्वबळावर लढणं ऐकायला जास्त धाडसी वाटतं.

महाराष्ट्राचं उदाहरण तर ताजं आहे. २०२४ च्या लोकसभेत महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. नोव्हेंबरच्या विधानसभेत त्याच तीन पक्षांना, त्याच नेत्यांखाली, २८८ पैकी ४६. मधल्या काळात ठाकरे, पवार किंवा काँग्रेसचे नेते अचानक भित्रे झाले असं कोणी म्हणणार आहे का? बदललं ते बाकीचं: लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये खात्यात जमा व्हायला लागले, लोकसभेतून धडा घेतलेल्या महायुतीने प्रचार नव्याने बांधला, आणि आघाडी जागावाटपावर शेवटपर्यंत भांडत राहिली. ब्रिटनमध्ये तर मजूर पक्षाचे २०१७ चे नेते कॉर्बिन आणि २०१९ चे कॉर्बिन एकच होते. मतं ४० टक्क्यांवरून ३२ वर आली. २०२४ साली त्याच पक्षाच्या स्टार्मर यांनी ४११ जागा जिंकल्या, पण एकूण मतं कॉर्बिन यांच्या २०१९ मधल्या मतांपेक्षाही कमी होती. समोरच्याची मतं फुटली होती.

राहिलं पाचवं वाक्य, बूथ आणि मतदार याद्या जुन्या झाल्याचं. ज्यांनी एकदा तरी मतदानाच्या दिवशी बूथबाहेर टेबल टाकून चिठ्ठ्या दिल्या आहेत त्यांना हे पटणार नाही. 'मतदार गेला' हे दोन शब्द तीन निरनिराळ्या माणसांबद्दल असतात. एक विरोधी पक्षाकडे गेला. दुसरा तिसऱ्याच पक्षाकडे गेला. तिसरा घरीच बसला. पहिला बहुधा एखाद्या धोरणावर नाराज असतो आणि कडक भाषणाने तो आणखी लांब जायची भीती असते. दुसऱ्याला बहुतेकदा आपल्या समाजाला किंवा भागाला काही मिळालं नाही याची खंत असते. तिसऱ्याला कोणी विचारलेलंच नसतं; त्याच्यावर जोरकस भाषणाचा उपयोग होऊ शकतो, आणि या एका बाबतीत तो मजकूर बरोबर आहे. पण आपल्या बूथवर या तिघांपैकी कोण किती आहेत, हे यादी हातात घेऊन दारोदार गेल्याशिवाय कळत नाही. ते काम निवडणुकीच्या तोंडावर होत नाही. आणि त्यासाठी पक्षाकडे अशी माणसं लागतात ज्यांना तिकीट मिळणार नाही हे त्यांना आधीच ठाऊक असतं.

इंदिरा गांधींच्या पुनरागमनाची गोष्टही मी अशीच वाचतो. १९७१ साली 'गरिबी हटाओ'च्या घोषणेवर ३५२ जागा, १९७७ साली १५४ आणि रायबरेलीत स्वतःचा पराभव, १९८० साली पुन्हा ३५३. निर्णयाचा धडाका तिन्ही वेळा तोच होता. आणीबाणी त्याच धडाक्यातून आली होती आणि त्याचीच शिक्षा लोकांनी १९७७ ला दिली. १९७९ साली जनता पक्ष आपसांत भांडून फुटला नसता तर १९८० ची निवडणूक तेव्हा झालीच नसती. त्या काळातला बेलछीचा प्रसंग धाडसाचा नमुना म्हणून फिरवला जातो. बिहारमधल्या त्या गावात दलितांचं हत्याकांड झालं होतं. ऑगस्ट १९७७ मध्ये, पराभवाला पाच महिने होत नाहीत तोच, इंदिराबाई तिकडे निघाल्या. पावसाने रस्ता गेला होता, गाडी पुढे जाईना, शेवटचा टप्पा त्यांनी हत्तीवरून पार केला. मजकुरात ही गोष्ट हत्तीपाशी संपते. त्यापुढचं असं की त्या गावात पोचल्या आणि ज्यांची माणसं मारली गेली होती त्या कुटुंबांना भेटल्या. त्या वेळी त्यांच्या हातात सत्ता नव्हती, लोकसभेची जागा नव्हती आणि निवडणूक जवळपासही नव्हती.