वादात स्वीडन कसा वापरावा

बेळगावात राहून जगाच्या अर्थकारणावर वाद घालायचा असेल तर देश लांबचा निवडावा. कोल्हापूरचं उदाहरण दिलंत की समोरचा म्हणणार, "माझी बहीण गडहिंग्लजला दिलीया, मला काय सांगूलालास?" संपला वाद. स्वीडनला अजून कुणाची बहीण दिलेली नाही. (सॉफ्टवेअरवाल्या पोरांमुळं हा धोका वाढत चाललाय; चहा सांगायच्या आधी तेवढी चौकशी करून घ्या.)

तुम्ही डावे असाल तर स्वीडनचं कॉलेज फुकट, म्हातारपण सरकारच्या भरवशावर, एवढं सांगून लगेच चहाचा घोट घ्यावा. पुढं जाऊ नये. पुढं गेलात तर तिथं कायद्यानं ठरवलेलं किमान वेतन नाही, ते कामगार संघटना आणि मालक बसून ठरवतात, हे निघतं. वारसा कर 2004 साली तिथल्या समाजवादी सरकारनंच काढून टाकला, संपत्ती कर 2007 ला गेला, आणि बहुतेक वस्तूंवर 25 टक्के कर आहे जो गरीबही भरतो, हेही निघतं. तुम्ही उजवे असाल तर सिंगापूर घ्या. तिथं कसं सगळं खुलं, सगळं स्वच्छ, कुणी कुणाला फुकट देत नाही. फक्त तिथली जवळपास 80 टक्के जनता सरकारी मंडळानं बांधलेल्या घरांत राहते, हे घशाखाली ठेवा. टिळकवाडीत कुणी असली योजना सुचवली तर त्याला पहिल्यांदा कम्युनिस्ट तुम्हीच म्हणाल.

आणि जर्मनीच्या जुन्या चॅन्सलरचं, बिस्मार्कचं नाव कुणी काढलं तर उठून लघवीला जावं. त्या गृहस्थानं 1878 मध्ये समाजवाद्यांच्या संघटनांवर बंदी घातली आणि 1883 मध्ये कामगारांना आजारपणाचा विमा दिला, 1889 मध्ये म्हातारपणाची पेन्शन. आता हा डावा का उजवा? असं विचारणाऱ्याला पुढच्या वेळी बोलवायचं नाही.

चिली मात्र निवृत्त हेडमास्तरांसाठी राखून ठेवावा. तिथं 1981 साली पिनोशेच्या लष्करी राजवटीत पेन्शन खाजगी खात्यांत टाकली; ज्याची त्यानं साठवायची, बाजारात गुंतवायची, सरकारवर बोजा नाही. हे सांगताना हेडमास्तरांचा चेहरा उजळतो. लष्करानं स्वतःला त्यातून वगळून जुनीच पद्धत ठेवली, हा तपशील त्यांना माहीत नसतो, खरं आतून पटलेला असतो. कारण तेही एप्रिल 2006 च्या आधी, म्हणजे जुनी पेन्शन असताना, नोकरीला लागलेले. त्यांची पेन्शन कर्नाटक सरकार दर महिन्याला महागाई भत्त्यासकट देतं, आणि ती घेऊन ते येताना वर्तमानपत्रातल्या लाभार्थी बायकांचा फोटो बघून "देश विकायला काढलाय" म्हणतात. त्यांना अडवू नका. वयाचा मान ठेवावा.

मुक्त बाजाराची बाजू मांडायला सगळ्यात उत्तम माणूस म्हणजे ऊसवाला. त्याच्या उसाचा किमान भाव केंद्र ठरवतं, साखरेचा किमान विक्रीदर 2019 पासून किलोला 31 रुपये हाही केंद्र ठरवतं, इथेनॉल कुणी किती दरानं घ्यायचं तेही सरकारच, आणि दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाची वीज कर्नाटक सरकार फुकट देतं. नोव्हेंबर 2025 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसला रस्ता अडवून बसलेल्यांची मागणी टनाला 3500 ची होती. ती बाजाराकडं नव्हती, मुख्यमंत्र्यांकडं होती. मागणी रास्तच होती, खतमजुरी बघितली तर कुणीही म्हणेल. खरं तोच माणूस संध्याकाळी कट्ट्यावर "सरकारनं धंद्यात पडूच नये" म्हणाला तर मान डोलवायची. उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्याचं तर सोपंय. तो जीएसटी भरतो म्हणून त्याच्या घरी कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे येत नाहीत; त्याचं सगळं तत्त्वज्ञान तिथून सुरू होऊन तिथंच संपतं.

एक विषय मात्र चुकूनही काढू नका. पैसे द्यायचे ते नक्की कुणाच्या खात्यात? प्रश्न दिसायला बारीक, खरं अख्खा युरोप त्यात बुडालाय. स्वीडननं 1971 साली नवरा-बायकोच्या कमाईवर एकत्र कर लावायचं सोडून ज्याचा त्याला वेगळा लावला, आणि तिथल्या बायका नोकरीसाठी बाहेर पडल्या त्याचं एक कारण हे मानलं जातं. जर्मनीत 1958 ची पद्धत अजून चालू आहे, दोघांची कमाई एकत्र धरून निम्मी निम्मी करायची. घरात एकच जण कमावत असला तर त्यात फायदा. सरकारनं माणसाकडं बघायचं का कुटुंबाकडं, यावर तिकडं विद्वानांच्या पिढ्या गेल्या. आपल्याकडं हाच प्रयोग दोन एसटी स्टॉपांच्या अंतरात चालू आहे. कर्नाटकाची गृहलक्ष्मी ऑगस्ट 2023 पासून महिन्याला 2000 देते, रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचं नाव तिला. म्हणजे बहुतेक घरांत सासूला. महाराष्ट्राची लाडकी बहीण जुलै 2024 पासून 1500 देते, 21 ते 65 वयाच्या बाईच्या स्वतःच्या खात्यात, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखाच्या आत असलं तर. म्हणजे तिथं सुनेला मिळतात, आणि सासू पासष्टी ओलांडलेली असली तर ती नुसती बघते.

आता कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातलं एखादं घर घ्या. लेक महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात दिलेली, सून तिकडूनच आणलेली. आपल्याकडं अशी घरं शोधावी लागत नाहीत. दिवाळीला लेक माहेरी आलीय. सून चुलीपाशी भाकरी थापता थापता विचारते, "वन्सं, तुमच्या पैशाचं काय केलंसा?"

"बचत गटाचा हप्ता भरला, आणि बारक्याला दप्तर घेतलं."

"कुणाला विचारून?"

"कुणाला विचारायचं? माझ्याच खात्यात आलं की."

सासू तांदूळ निवडता निवडता म्हणते, "आमचं सगळं घरातच जातंय. येगळं काय करायचं त्याला?" आणि पासबुक ठेवलेल्या पत्र्याच्या डब्याकडं एकदा बघून घेते. सून काही बोलत नाही. भाकरी मात्र त्या दिवशी जरा जोरात थापली जाते. पाचशे रुपये कमी असलेली योजना तिला जास्तीची वाटतेय, आणि याचं कारण कुठल्याही अर्थमंत्र्यानं तिला समजावून सांगितलेलं नाही.

तेवढ्या वेळात ओसरीवर तुम्ही भावोजींना काय सांगत असता? फुकटच्या पैशानं माणूस आळशी होतो, व्हेनेझुएलाचं बघा. आत जाऊन नका बघू. आत धूर असतो.

बसमध्येही जपून. 11 जून 2023 पासून कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये बाईला शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. कंडक्टर यंत्रातून ते रीतसर काढून हातात देतो, कारण त्या तिकिटांच्या हिशोबावर सरकार महामंडळाला पैसे देतं. बेळगाव ते निपाणी प्रवासात शेजारची मावशी ते तिकीट घडी घालून बांगडीत खोचते आणि तुम्ही पूर्ण पैसे मोजून उभे. त्या उभ्या अवस्थेत माणूस हाडाचा भांडवलवादी होतो. हे स्वाभाविक आहे, लाज वाटून घेऊ नका. मावशी निपाणीत विड्या वळायची, आता तंबाखूच्या वखारीत दिवसाच्या मजुरीवर जाते आणि वाचलेलं भाडं तिच्या मजुरीच्या मानानं किती होतं, असले अवांतर हिशोब उभ्यानं करू नयेत. तोल जातो. कोल्हापूरची गाडी असेल तर आणखी गंमत. तिकडच्या एसटीत बाईला मार्च 2023 पासून अर्धं तिकीट, तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. सीमेवरच्या कोगनोळीला एक कल्याणकारी राज्य संपतं आणि दुसरं सुरू होतं. मधे रस्त्यावर खड्डा आहे, तो दोघांच्याही धोरणात बसत नाही.

सीमाप्रश्न वादात आणायचा का? आणा, पण दवाखान्यापर्यंत नेऊ नका. 2023 च्या सुरुवातीला महाराष्ट्रानं 865 सीमागावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायची ठरवली, 54 कोटी बाजूला काढले, आणि कर्नाटक सरकारनं जोरदार हरकत घेतली. जगभरचे देश परक्या माणसांवर आपल्या पैशानं इलाज करायचा नाही म्हणून भांडतात. इलाज करतो म्हटल्यावर भांडण होणारा मुलूख आपलाच. आपण कुणाचे, हा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तोवर अपेंडिक्सनं कुठल्या राज्याच्या नियमानं दुखायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. अर्ज कन्नडमध्ये असेल तर शेजारच्या पोराकडून भरून घ्यावा आणि बाहेर येऊन पुन्हा ब्रिटनच्या आरोग्य सेवेवर बोलावं, ती 5 जुलै 1948 ला सुरू झाली, तारीख पाठ असलेली बरी.

आकडा हवाच असेल तर 52 हजार कोटी हा घ्या. कर्नाटकानं 2024-25 साली गृहलक्ष्मी आणि फुकट बस धरून पाच गॅरंटी योजनांसाठी साधारण एवढी तरतूद केली होती. म्हणताना आवाज चढवायचा. त्याच वर्षी लाडक्या बहिणीचा अंदाज 46 हजार कोटी होता, हे तुमच्या पक्षाप्रमाणं सांगा किंवा गाळा. विज्ञानाचा आधार पाहिजे असेल तर फिनलंड. त्यांनी 2017 आणि 2018 मध्ये 2000 बेकारांना महिन्याला 560 युरो विनाअट दिले, न मिळालेल्यांशी त्यांची तुलना केली आणि निकाल छापला. कामाला लागणाऱ्यांत फरक थोडासाच पडला, पण माणसं आळशीही झाली नाहीत, उलट मनानं जरा बरी राहिली. गृहलक्ष्मीत एक कोटीहून जास्त बायका आहेत. तरी उदाहरण फिनलंडचंच द्यायचं, कारण इथल्या बाईला विचारायचं तर शेजारच्या खोलीत जावं लागतं.

एवढं करूनही एखाद्या महिन्यात हप्ता थकतो. मग आई म्हणते, "जरा विचारून ये की, दोन महिने झाले." त्या दिवशी विचारसरणी घरी ठेवून आधार कार्ड, रेशन कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स घ्या आणि सकाळी नऊच्या आत ग्राम वन केंद्रावर, म्हणजे गावातल्या सरकारी सेवा केंद्रावर, पोचा, उशीर झाला तर सर्व्हर डाऊन होतो. रांगेत ओळखीचे हेडमास्तर दिसतील, बायकोचं काम घेऊन आलेले. त्यांनी डेन्मार्कचा विषय काढला तर ऐकू आलं नाही असं दाखवा. बोलता बोलता ते पुढं सरकतात.