बँड फुटल्यावर काय करावे

बँड फुटला? उत्तम. आधी कारण ठरवून घ्या. प्रॅक्टिस रूमचं भाडं तीन महिने एकट्या ड्रमरने भरलं, हे खरं कारण. पोस्टमध्ये मात्र 'सर्जनशील मतभेद' असंच लिहायचं.

मग सोलो अल्बम. पॉल मॅकार्टनीने 1970 साली बीटल्सला रामराम ठोकताना काढलेल्या अल्बमात सगळी वाद्यं स्वतःच वाजवली होती. तुम्हीही वाजवा; नौपाड्यातल्या घरी, आई कुकर लावायच्या आत. शिटी आलीच रेकॉर्डिंगमध्ये, तर राहू द्या. समीक्षकांना आवडते.

बँडमध्ये तुमच्या चालींना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं ना? बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचंही तेच. साठलेलं सगळं त्याने त्याच वर्षी तीन तबकड्यांत ओतलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. तुमच्याकडे साडेतीन गाणी आहेत, त्यातल्या दोघांची चाल एकच. किरकोळ फरक.

जुन्या मित्राला टोमणे मारणारं गाणं हवंच. जॉन लेननने 1971 मध्ये पॉलवर लिहिलं, त्यात गिटार वाजवायला जॉर्जच बसला होता. भांडायलाही माणसं घरचीच लागतात. तुम्ही रेकॉर्डिंगला निघालात की आठवेल, ॲम्प त्याच मित्राकडे आहे, मानपाड्याला, सातव्या मजल्यावर. दार त्याची आई उघडेल. "किती वाळलास रे!" म्हणत पोह्यांची बशी पुढे करेल, वर खोबरं जरा जास्तच. खाताना नवीन गाण्याचा विषय काढू नका. ॲम्प उतरवायला तोच मदत करेल, कारण लिफ्ट बंद असते.

ड्रमरशी मात्र वाकडं घेऊ नका. रिंगोच्या 1973 च्या अल्बमवर बाकीचे तिघेही हजेरी लावून गेले. फक्त चौघे मिळून एकाही गाण्यात नाहीत. तुमचा रिंगो सध्या ऐरोली-घणसोलीच्या हळदी वाजवतो. तुळशीच्या लग्नानंतर त्याच्या तारखा मिळत नाहीत. चौघांत संगीतावर घर चालवणारा तो एकटाच, म्हणून तुम्ही त्याला 'कमर्शियल' म्हणता. तुमच्या सोलोसाठी येईल तो, पण बेंजोवाल्याला घेऊन. येऊ द्या. बेंजोवाला सुरात असतो.

परत एकत्र येणार का, असं कुणीतरी विचारेलच. ईगल्स हा बँड 1980 मध्ये फुटला, 1994 मध्ये परतला आणि दौऱ्याला नाव दिलं 'नरक गोठला', म्हणजे अशक्य ते घडलं. तुम्ही सांगा, घोडबंदर रोड संध्याकाळी सातला मोकळा मिळेल त्या दिवशी. तोवर व्हॉट्सॲप ग्रुप सोडू नका. रूमचं डिपॉझिट अजून परत यायचंय.