आपलं तिथे काय काम?

आमच्या इथल्या, टेक्सासमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा जूनटीन्थच्या, म्हणजे 19 जूनच्या गुलाममुक्ती दिनाच्या, सुट्टीचे बेत चालले होते. कुणी तळ्यावर जाऊ म्हणत होतं, कुणी घरीच मिसळ करू म्हणत होतं. मी लिहिलं, सकाळी गॅल्व्हेस्टनला मिरवणूक असते, सगळेच जाऊ, परत येऊन मिसळ करू. थोड्या वेळाने एकाने लिहिलं, "तो त्यांचा सण आहे ना ताई, आपलं तिथे काय काम?" त्याखाली सात-आठ अंगठे.

लिहिणारा भला माणूस आहे. माझ्या मुलीला ताप आला तेव्हा रात्री दोन वाजता गाडी काढणारा. म्हणूनच तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाहीये. उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. लांबेल, पण वाचा.

लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863 चा. टेक्सासात तो लागू करायला कुणी नव्हतंच. यादवी युद्ध संपलं, संघराज्याची, म्हणजे लिंकनच्या बाजूची फौज टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बंदरात आली आणि 19 जून 1865 ला जनरल गॉर्डन ग्रेंजरने हुकूम क्रमांक 3 काढला: सगळे गुलाम मुक्त आहेत. जाहीरनाम्याला तोवर अडीच वर्षं होत आली होती. तेवढा काळ या राज्यात अडीच लाखांच्या आसपास माणसं कागदावर मुक्त होती आणि शेतात गुलाम होती.

गॅल्व्हेस्टनला दरवर्षी तो हुकूम मोठ्याने वाचतात. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं होतं की काहीतरी गौरवशाली ऐकायला मिळेल. आणि मिळतंही. जुने मालक आणि जुने गुलाम यांच्यात व्यक्तिगत हक्कांची आणि मालमत्तेच्या हक्कांची पूर्ण समानता, असे शब्द त्यात आहेत. पण त्याच हुकमात पुढे मुक्त झालेल्यांना बजावलंय की आहात तिथेच शांतपणे राहा, मजुरी घेऊन काम करा, रिकामटेकडं बसून कुणी पोसणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबलेल्या माणसांना! वाचणाऱ्या बाईंचा आवाज त्या ओळीवर जरासुद्धा बदलला नाही. समोर पंख्याने वारा घेत बसलेल्या म्हाताऱ्या बायकांनी नुसत्या माना हलवल्या. त्यांना ती ओळ पाठ होती.

मग मिरवणूक रीडी चॅपेल या जुन्या चर्चकडे निघाली. जूनमधलं गॅल्व्हेस्टनचं ऊन, समुद्राचा दमट वारा, पुढे लहान मुलं, मागे ढोल. मिरवणूक म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. संध्याकाळी ठिकठिकाणी बार्बेक्यू, कलिंगड, लाल सरबत. लाल का, तर कुणी म्हणतं सांडलेल्या रक्ताची आठवण, कुणी म्हणतं पश्चिम आफ्रिकेतून आलेली चाल. आणि एका कोपऱ्यात मतदार नोंदणीचं टेबल. ती नवी टूम नाही. मुक्ती मिळाल्यावरच्या पहिल्या काही वर्षांतही हे मेळावे मतदान कसं करायचं ते शिकवायला वापरले जायचे.

आता आपल्या गावाकडे येते. आपण राहतो ते ह्यूस्टनजवळचं शुगर लँड. इथे घर घेताना मला नावाचं फार कौतुक वाटलं होतं, कारण मी श्रीरामपूरकडची. साखर कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या घरातलं घड्याळ चालायचं. शुगर लँडमध्येही जुना साखर कारखाना, ऊस, सपाट काळी जमीन. फोनवर आईला म्हटलं होतं, "अगं, आपल्याच गावात आल्यासारखं वाटतंय."

फेब्रुवारी 2018 मध्ये इथे शाळेच्या नव्या इमारतीसाठी खोदकाम चालू असताना हाडं निघाली. मोजत मोजत 95 थडगी झाली. चौदा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत, त्यात एक बाई. सगळे कृष्णवर्णीय, सगळे कैदी. गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत एक अपवाद आहे, गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. त्या फटीतून पुढचं सगळं आलं. किरकोळ कारणांवरून माणसं पकडायची, तुरुंगात टाकायची आणि सरकारने ती ऊसमळ्यांच्या मालकांना भाड्याने द्यायची. गुलाम मेला तर मालकाचा पैसा बुडायचा. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळायचा. तज्ज्ञांनी तपासलेल्या त्या हाडांवर अति कष्टाच्या खुणा होत्या.

मी कोयत्याने ऊस तोडणारी माणसं लहानपणापासून पाहिली आहेत. पाचटाने चिरलेले हात, मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात गेलेली वर्षं, फडाच्या कडेला झोळीत झोपवलेली तान्ही बाळं. दोन्ही गोष्टी सारख्या आहेत असं मी म्हणत नाही, त्या नाहीत. पण चौदा वर्षांच्या त्या पोराबद्दल वाचताना माझ्या डोळ्यांपुढे जो फड आला, तो आमच्या गावाबाहेरचा होता. त्यानंतर "ते" आणि "आपण" असं म्हणायला माझी जीभ पूर्वीसारखी वळत नाही.

ही थडगी अचानक सापडली असं बातम्यांत आलं. तसं नव्हतं. रेजिनाल्ड मूर नावाचे एक गृहस्थ कितीतरी वर्षं सांगत होते की या जमिनीत माणसं पुरलेली आहेत, खोदण्याआधी बघा. त्यांनी पूर्वी इथल्याच तुरुंगात पहारेकरी म्हणून काम केलं होतं, आणि तिथूनच त्यांना या इतिहासाचा ध्यास लागला. जुनी कागदपत्रं धुंडाळली, सभांना उभे राहून बोलले. लोक ऐकून घ्यायचे आणि विसरायचे. हाडं निघाली तेव्हा त्यांचं म्हणणं खरं ठरलं. 2020 मध्ये ते गेले. आपल्यापैकी किती जणांनी त्यांचं नाव ऐकलंय? मीही ते गेल्यावरच ऐकलं.

"आम्ही थोडेच गुलाम ठेवले होते?" हे वाक्यही माझ्या कानावर बऱ्याचदा येतं. बरोबर, नव्हते ठेवले. पण आपण इथे आलो कसे, ते एकदा बघू या. 1923 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या इथे राहणाऱ्या पंजाबी गृहस्थांना सांगितलं की तुम्ही गोरे नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. 1946 मध्ये कायदा थोडा सैल झाला, तेव्हा इथे स्थायिक व्हायला अख्ख्या हिंदुस्थानच्या वाट्याला वर्षाला 100 जागा आल्या. शंभर! मग 1964 चा नागरी हक्क कायदा. 7 मार्च 1965 ला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांवर लाठ्या पडल्या, त्यांच्या पुढे चालणाऱ्या पंचवीस वर्षांच्या जॉन लुईसची कवटी फुटली. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. आणि त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला, त्याच लाटेत, देश बघून माणसं मोजणारी जुनी इमिग्रेशन पद्धत मोडीत निघाली. तुमचे काका सत्तरच्या दशकात डॉक्टर म्हणून आले ते त्या दरवाजातून. 1968 मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्यावर आठवडाभरात घरांच्या खरेदी-विक्रीतला वर्णभेद बेकायदा ठरवणारा कायदा झाला. आज आपण कुठल्याही वस्तीत चेक लिहून घर घेतो ते त्या जोरावर. आपल्या हुशारीवर आपण आलो हे खरंच आहे. पण हुशार माणसं 1950 मध्येही होती, त्यांच्यासाठी दार जवळजवळ बंद होतं.

जोतिरावांना हे कुणी समजावून सांगावं लागलं नव्हतं. 'गुलामगिरी' 1873 ची, म्हणजे गॅल्व्हेस्टनच्या त्या दिवसानंतर आठ वर्षांत. पुण्यात बसून त्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी इच्छा लिहिली. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं. कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या, तुमची आणि अस्पृश्यांची स्थिती किती सारखी आहे ते लिहिलं. डु बॉइस यांनी सहानुभूतीचं उत्तर पाठवलं. 1972 मध्ये मुंबईत पोरांनी संघटना काढली, तिचं नाव अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून दलित पँथर ठेवलं. इतकी वर्षं इतक्या लोकांना "आपलं तिथे काय काम" हे ठाऊक होतं. मग आपल्यालाच का प्रश्न पडतो?

मला वाटतं, याचं उत्तर अवघड जागी आहे. मी मुंबईत शिकायला दादरला मावशीकडे राहायचे. 6 डिसेंबर जवळ आला की घरात ठरलेलं वाक्य असायचं, "त्या दिवशी बाहेर पडू नको, गर्दी असते." लाखो माणसं अनवाणी, डबे बांधून, पुस्तकांच्या स्टॉलवर रांगा लावून चैत्यभूमीवर यायची आणि चालत दहा मिनिटांवरच्या आमच्या घरात त्याचं नाव होतं गर्दी. पाच वर्षांत मी एकदाही गेले नाही. इथे ह्यूस्टनला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात आपल्याच एकीने सांगितलं, "थर्ड वॉर्डकडे जाऊ नको, तो काळ्यांचा एरिया आहे." वाक्य मला ओळखीचं वाटलं. तरीही मी काही वर्षं तिकडे गेले नाही, याची मला लाज वाटते.

त्या थर्ड वॉर्डमध्ये दहा एकरांची एक बाग आहे, इमॅन्सिपेशन पार्क. 1872 मध्ये जॅक येट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी, स्वतः गुलामीतून सुटलेल्या माणसांनी, वर्गणी काढून ही जमीन विकत घेतली. कशासाठी? जूनटीन्थ साजरा करायला हक्काची जागा हवी म्हणून. सात वर्षांपूर्वीपर्यंत जे स्वतः कुणाची तरी मालमत्ता होते, त्यांनी पहिल्यांदा जी जमीन घेतली त्यात ही होती, आणि ती सगळ्यांनी एकत्र जमण्यासाठी. त्याच जॅक येट्स यांच्या नावाच्या शाळेत जॉर्ज फ्लॉइड शिकला. 2020 मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या त्याच्या मृत्यूनंतर आपण सगळ्यांनी निषेध म्हणून फेसबुकवर काळे चौकोन लावले होते. त्याची वस्ती आपल्या घरापासून अर्ध्या तासावर आहे.

"जुन्या जखमा कशाला उकरायच्या" म्हणणाऱ्यांना मी ओपल ली यांच्याबद्दल सांगते. 1939 मध्ये फोर्ट वर्थला त्या बारा वर्षांच्या होत्या. गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं म्हणून जमावाने त्यांचं घर उद्ध्वस्त केलं, तारीख 19 जून. 2016 मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी, जूनटीन्थची राष्ट्रीय सुट्टी व्हावी म्हणून त्या वॉशिंग्टनच्या दिशेने निघाल्या. टेक्सासला उशिरा कळलेल्या अडीच वर्षांसाठी टप्प्याटप्प्याने अडीच-अडीच मैल चालायच्या. 2021 मध्ये ती सुट्टी झाली तेव्हा कायद्यावर सही होताना त्या तिथे होत्या. आणि 2024 मध्ये, पूर्वीचं घर होतं त्याच जागेवर त्यांना नवं घर मिळालं. पंच्याऐंशी वर्षांनी. ती जखम कुणी उकरली नव्हती, ती भरलीच नव्हती.

आपली सुट्टी त्या बाईंच्या पायांमुळे आहे. तळ्यावर जरूर जा, पण सकाळचे चार तास द्या. तिथे भाषण करायचं नाही, बॅनर घेऊन उभं राहायचं नाही, संस्थेच्या पानासाठी फोटो काढायचे नाहीत. हुकूम वाचतील तो ऐकायचा, मिरवणुकीत मागे चालायचं, मतदार नोंदणीच्या टेबलावर पाणी वाटायला माणसं लागतात, तिथे उभं राहायचं. मुलांना घेऊन या. मुलं प्रश्न विचारतील. परतताना थडग्यांच्या जागेवरूनही गाडी नेता येईल.

मी 19 तारखेला सकाळी सातला निघते आहे. तास-सव्वा तासाचा रस्ता आहे. टोपी आणि पाण्याच्या बाटल्या घ्या, ऊन फार असतं. माझ्या गाडीत तीन जागा आहेत. दुपारी मिसळ आमच्याकडे, मटकी भिजत घातली जाईल.